जुन्या सेमी-ऑटो बारा बोअरमध्ये हेवी काडतूस: आधी नळी उतरवा, मग बोला

घरात आजोबांच्या नाहीतर सासऱ्यांच्या काळातली बेल्जियमची ऑटोमॅटिक बारा बोअर, परवाना वारसाने आपल्या नावावर झालेला, आणि दुकानात काडतुसं घ्यायला गेलं की समोरचा हेवी लोडचं खोकं पुढे सरकवतो, घ्या साहेब हे जोरदार आहे. मग घरी येऊन प्रश्न पडतो की हे आपल्या जुन्या बंदुकीला झेपेल का. ठाणे, कल्याण, शहापूर, मुरबाड या पट्ट्यात अशा बंदुका अजून बऱ्याच घरात आहेत आणि हा प्रश्न कुठल्याही परवानेवाल्याच्या घरी चहाला बसलं की निघतोच. त्यावर मिळणारी उत्तरंही ठरलेली, एक जण म्हणतो जुनं लोखंड आहे काही होत नाही बिनधास्त टाका, दुसरा म्हणतो नळी फुटेल, हात जाईल. दोघंही बंदूक न उघडता बोलतात हाच प्रॉब्लेम आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चेंबर (नळीच्या मुळाशी काडतूस बसतं ती जागा) बरोबर असेल आणि नळी चांगली असेल तर हेवी काडतुसाने नळी फुटायची भीती लोक घेतात तेवढी नसते, खरा मार बसतो तो बंदुकीच्या आतल्या यंत्रणेला, आणि तो मार अडवायला आत दोन साध्या रिंगा असतात. त्या जागेवर आहेत की नाहीत हे बघितल्याशिवाय हो पण म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका.

लिहितोय मुख्यतः ब्राउनिंग ऑटो-५ आणि तिच्या घराण्यातल्या बंदुकांबद्दल, कारण आपल्याकडे जुनी ऑटो म्हटलं की दहातल्या बऱ्याच वेळा तीच निघते, मागून चौकोनी कुबड असलेली. जॉन ब्राउनिंगने १९०० साली पेटंट घेतलं, अमेरिकेत विंचेस्टरशी जमलं नाही, रेमिंग्टनकडे गेला तर तिथले प्रमुख मार्सेलस हार्टली १९०२ मध्ये भेटीआधीच वारले, मग तो बेल्जियममध्ये एफएन कंपनीकडे गेला आणि तिथे ही बंदूक बनायला लागली ती थेट १९९८ पर्यंत, नंतरची वर्षं जपानमध्ये मिरोकू कंपनीकडे. रेमिंग्टनने पुढे लायसन्सवर मॉडेल ११ काढली ती आतून जवळपास हीच. फ्रँकीची एएल-४८ पण याच तत्त्वावर. गॅसवर चालणाऱ्या बंदुकांचं वेगळं आहे, त्याबद्दल शेवटाकडे थोडं.

कागद आधी

यात फार वेळ घालवत नाही पण सोडूनही चालणार नाही. परवान्यावर बंदुकीचं वर्णन काय लिहिलंय ते वाचा, सेमी-ऑटोचा वर्ग साध्या डबल बॅरलपेक्षा वेगळा धरला जातो, तेव्हा वर्णन आणि नंबर हातातल्या बंदुकीशी जुळतात ना हे बघून घ्या, जुळत नसेल तर काडतुसांचा विषय बंद आणि आधी लायसन्स ब्रँच. ठाणे आणि नवी मुंबई शहरात पोलीस आयुक्तालय, शहापूर मुरबाडकडे ग्रामीण भाग असल्याने जिल्हाधिकारी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे तीन नाही तर दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत आता पाच वर्षांची झालीये. लग्नात किंवा विसर्जनाला हौसेने बार काढणं हा त्याच दुरुस्तीने सरळ गुन्हा झालाय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बंदच आहे. म्हणजे कायदेशीर बार काढायची जागा म्हणजे रेंज, हे गृहीत धरूनच पुढचं सगळं वाचा.

नळी कापून छोटी करायची आयडिया कोणी देत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा, तो पण आर्म्स अॅक्टखालचा गुन्हा आहे. परवानगीशिवाय घरी काडतूस भरणंही तसंच.

हेवी म्हणजे नक्की काय

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो म्हणून जरा थांबतो. बारा बोअरचं काडतूस तीन गोष्टींनी ओळखायचं: लांबी, छर्ऱ्यांचं वजन आणि वेग. लांबी ६५ मिमी, ७० मिमी, ७६ मिमी अशी असते, जुन्या लोकांच्या भाषेत अडीच इंची, पावणेतीन इंची, तीन इंची. वजनात २४ ग्रॅम, २८ ग्रॅम हे हलकं, ३२ मधलं, ३६ ला हेवी म्हणायला सुरुवात होते आणि ४२ च्या आसपास मॅग्नम.

आता गंमत बघा. अमेरिकन मापात पावणेतीन इंची काडतुसाला जास्तीत जास्त प्रेशर ११,५०० पीएसआय (दाबाचं अमेरिकन माप) आणि तीन इंची मॅग्नमला पण ११,५०० पीएसआयच. म्हणजे मॅग्नम टाकलं म्हणून नळीच्या भिंतीवर मर्यादेपेक्षा जास्त दाब येतो असं नाही. मग जास्त काय येतं, तर धक्का. जास्त वजन तेवढ्याच वेगाने पुढे फेकलं की बंदूक तेवढ्याच जोरात मागे येते. ढोबळ हिशोब करून बघा, वेग सारखा धरला आणि २८ ग्रॅमच्या जागी ३६ ग्रॅम आलं तर मागे येणारी ऊर्जा दीडपटीच्याही वर जाते, आणि ४२ ग्रॅम आलं तर सव्वादोनपट. कारण ऊर्जा वजनाच्या वर्गाने वाढते. खांद्याला ते कळतंच पण खांद्याआधी बंदुकीच्या स्प्रिंगला, लाकडाला आणि रिसीव्हरच्या (नळीमागची लोखंडी पेटी, जिच्यात यंत्रणा असते) मागच्या भिंतीला कळतं.

युरोपच्या मापात थोडं वेगळं आहे, तिथे साध्या काडतुसाला ७४० बार (हा बार म्हणजे दाबाचं माप, बंदुकीचा बार नव्हे) आणि हाय परफॉर्मन्सला १०५० बार अशी मर्यादा आहे. जुन्या बंदुका साध्या प्रूफच्या, म्हणजे साध्या दाबासाठी तपासलेल्या असतात. तेव्हा खोक्यावर १०५० बार किंवा हाय परफॉर्मन्स असं दिसलं तर जुन्या बंदुकीत ते टाकायचं नाही, इथे चर्चा नको.

नळीवरचे शिक्के

बंदूक हातात घेतली की पहिलं काम खाली करणं. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ओढा, चेंबरमध्ये बोट घालून बघा, मग खालून मॅगझिनच्या नळीत (बॅरलखालची, काडतुसं साठवायची नळी) बोट घालून बघा, कारण ऑटोमध्ये चेंबर रिकामं आणि पोटात चार काडतुसं हे सहज होतं (नाव ऑटो-५ पडलं तेच मुळी चार अधिक एक म्हणून). काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. पोरंटोरं असतील तर दार लावा. हे शंभर वेळा ऐकलंय म्हणून सोडू नका.

मग उजेडात नळीच्या मुळाशी बघा. बेल्जियमची असेल तर लिएजच्या प्रूफ हाऊसचा ईएलजी अक्षरांचा अंडाकृती शिक्का मिळेल, आणि सिंह व खाली पीव्ही असा शिक्का मिळाला तर ती धूर न होणाऱ्या दारूसाठी तपासलेली आहे. तो मिळाला की अर्धं काम झालं. आणि जवळपास चेंबरच्या लांबीचा आकडा असतो, १२ सोबत ६५ किंवा ७०, अमेरिकन असेल तर पावणेतीन इंच असं इंग्रजीत कोरलेलं.

आकडा ६५ असेल तर ७० मिमीचं कुठलंही काडतूस बंद, हेवी सोडा, हलकं पण बंद. का ते सांगतो. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यावर तोंड उघडल्यानंतरची असते. न उडवलेलं ७० चं काडतूस तोंड दुमडलेलं असल्याने साठ मिमीच्याही आत असतं, त्यामुळे ६५ च्या चेंबरमध्ये ते मजेत बसतं, बोल्ट पण लागतो, तुम्हाला वाटतं फिट आहे. बार झाला की तोंड उघडायला जागा नसते, ते पुढे नळी निमुळती होते त्या उतारात घुसतं, छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि प्रेशर एकदम चढतं. बसतंय म्हणजे चालतंय हे बंदुकीत सगळ्यात महाग पडणारं लॉजिक आहे. तीन इंची काडतूस ७० च्या चेंबरमध्ये, तेच गणित.

शिक्का घासला गेला असेल किंवा नळी नंतर बदललेली वाटत असेल (ऑटो-५ ला नळी बदलणं सोपं आहे आणि लोकांनी खूप बदलल्यात) तर परवानाधारक गनस्मिथकडे चेंबर गेजने मोजून घ्या. पट्टी घालून अंदाज लावू नका, चेंबर कुठे संपतो आणि उतार कुठे सुरू होतो ते डोळ्याला कळत नाही. ब्राउनिंगने १९५८ पासून तीन इंची मॅग्नम ऑटो-५ पण काढली होती, तिच्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर ती मॅग्नम नाही. आणि मॅग्नमची नळी साध्या रिसीव्हरवर चढवून तिला मॅग्नम करायला जाऊ नका.

नळी उतरवणं

जमिनीवर जाड कापड टाका. बोल्ट मागे ओढून अडकवा. दस्ता जमिनीवर, नळी वर, आणि तुमचं तोंड नळीच्या तोंडावर येणार नाही असं बाजूला बसा, बंदूक रिकामी आहे हे माहीत असलं तरी. एका हाताने नळी खाली दाबून धरा, म्हणजे पुढच्या टोपीवरचा ताण जातो, दुसऱ्या हाताने टोपी फिरवून काढा. खालचं लाकूड पुढे सरकवून काढा, हळू, जुनं लाकूड आहे. मग नळी सोडत सोडत वर येऊ द्या, एकदम सोडली तर स्प्रिंग ती उडवेल आणि फरशीवर पडलेली नळी म्हणजे वेगळा खर्च.

लाकडाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. अनेक ऑटो-५ मध्ये तिथे रिंगा कशा लावायच्या त्याचा कागद चिकटवलेला असतो, साठ वर्षांनी तेल पिऊन तपकिरी झालेला, पण वाचता येतो. तो असेल तर फोटो काढून ठेवा.

रिंगा, म्हणजे सगळा खेळ

आता जे समोर दिसतंय ते समजून घ्या. या बंदुकीत बार झाला की नळी आणि बोल्ट एकमेकांना धरून दोघं मागे जातात, काडतुसाच्या लांबीपेक्षा जास्त मागे. मग नळी एकटी पुढे येते, रिकामं काडतूस बाहेर पडतं, आणि मागून बोल्ट नवीन काडतूस घेऊन येतो. म्हणजे एवढं जड लोखंड प्रत्येक बारला मागे धावतं आणि त्याला थांबवायचं असतं. त्यासाठी मॅगझिनच्या नळीवर लांब स्प्रिंग असते आणि तिच्या जोडीला ब्रेक.

ब्रेकचे भाग दोन. एक ब्राँझचा तुकडा, कापलेली कडी असते ती, आवळली जाते. दुसरी पोलादी रिंग, तिच्या एका तोंडाला आतून उतार दिलेला. नळी मागे आली की नळीखालची कडी ब्राँझला ढकलते, ब्राँझ उतारांमध्ये चेपला जातो आणि मॅगझिनच्या नळीला घट्ट धरतो, सायकलचा ब्रेक रिमला धरतो तसं.

हेवी काडतुसासाठी रिसीव्हरकडून तोंडाकडे क्रम असा: आधी स्प्रिंग, तिच्या पुढे पोलादी रिंग उताराची बाजू तोंडाकडे करून, तिच्या पुढे ब्राँझ, आणि मग नळीची कडी. म्हणजे ब्राँझ दोन उतारांच्या मधे अडकतो आणि ब्रेक पूर्ण लागतो.

हलक्या काडतुसासाठी तीच पोलादी रिंग काढून स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला टेकवून ठेवतात. मग ब्राँझ थेट स्प्रिंगवर टेकतो, ब्रेक कमी लागतो, आणि कमी धक्क्यात पण नळी पूर्ण मागे जाऊन बंदूक चालते.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. हेवी सेटिंगवर हलकं काडतूस मारलं तर काय होईल, तर बंदूक अर्धवट चालेल, रिकामं काडतूस अडकेल, तुम्ही वैतागाल, बास. हलक्या सेटिंगवर हेवी मारलं तर नळी पूर्ण वेगाने मागे येऊन रिसीव्हरवर आपटेल. पहिल्या बाराला काही दिसणार नाही. दहाव्याला खालच्या लाकडाला बारीक केसासारखी चीर, मग आतल्या फायबरच्या गादीचा भुगा, आणि शेवटी रिसीव्हरलाच तडा, जो दुरुस्त होत नाही. म्हणून माहिती नसेल तर कायम हेवी सेटिंग. अडकलेली बंदूक मोकळी करता येते, तडकलेली नाही.

आणि जुन्या घरातल्या बंदुकीत रिंगा हलक्या सेटिंगवरच सापडायची शक्यता जास्त, किंवा गायबच. याला कारण आहे. कधीतरी कुणीतरी हलकी किंवा मऊ पडलेली जुनी काडतुसं मारली, बंदूक अडकायला लागली, कुणा जाणकाराने रिंग मागे टाकून दिली किंवा काढूनच खिशात घातली, बंदूक चालायला लागली, सगळे खूश. पुढची तीस वर्षं कुणी उघडून बघितलं नाही. तुम्ही आज त्यात ३६ ग्रॅम भरायला निघालाय. उघडल्यावर पोलादी रिंग कुठेच दिसली नाही तर तिथेच थांबा, रिंग आणि ब्राँझ दोन्ही योग्य बोअरचे मिळेपर्यंत एकही बार नाही. लेथवर वॉशर कापून बसवू नका, उताराचा कोन हाच तर ब्रेक आहे.

ब्राँझ उलटा बसू नये याची काळजी घ्या, आतल्या कागदावरचं चित्र किंवा मॅन्युअल समोर ठेवूनच लावा. मॅग्नम मॉडेलमध्ये ब्रेकचे भाग जास्त असतात, तिला साध्या मॉडेलचं चित्र लावू नका.

तेल

आपली सवय म्हणजे पावसाळा आला की बंदुकीला तेलाने आंघोळ. खाडीच्या हवेत ते समजण्यासारखं आहे, घोडबंदर किंवा वाशी-ऐरोलीकडे राहणाऱ्याला गंज काय असतो वेगळं सांगायला नको. पण मॅगझिनच्या नळीवर जर तेल निथळत असेल तर ब्राँझ धरणार काय, घसरणारच. हेवी मारायचं असेल तर ती नळी कापडाने पुसून घ्या, बोट फिरवल्यावर नुसता तुकतुकीतपणा जाणवला पाहिजे, बोटाला तेल लागता कामा नये. एकदम कोरडी करून गंजू देऊ नका. ग्रीस तिथे कधीच नाही. जुनं तेल चिकट होऊन डांबरासारखं झालं असेल तर ते आधी रॉकेलने काढा, नाहीतर ब्रेक कधी धरेल कधी सोडेल सांगता येत नाही.

स्प्रिंग, गादी, लाकूड

रिकॉइल स्प्रिंग किती वर्षांची आहे हे कुणाला माहीत नसेल तर ती बदला. स्प्रिंग ही बंदुकीतली सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात महाग वस्तू वाचवणारी. दुसरी स्प्रिंग दस्त्याच्या आत नळकांड्यात असते, बोल्टला पुढे आणणारी, ती वर्षानुवर्षं कुणी बघत नाही आणि तिथे गंज आणि वाळलेलं तेल साठतं. ती मात्र गनस्मिथकडूनच काढून घ्या, दस्त्याचे स्क्रू जुने झालेले असतात, चुकीच्या पेचकसाने डोकं गेलं की संपलं.

रिसीव्हरच्या आत मागच्या बाजूला फायबरची गादी असते, टॉर्चने बघा. कडक होऊन तुटायला आली असेल, तेल पिऊन फुगली असेल, किंवा नसेलच, तर बदलून घ्या. लाकडाच्या आतून, जिथे ते रिसीव्हरला टेकतं तिथे, नखाने चाचपा. चीर असेल तर ती रंगाने किंवा फेव्हिकॉलने झाकायची नाही, लाकूडकाम येणाऱ्या गनस्मिथला दाखवायचं, कारण चीर कशामुळे आली हे रिंगांनी आधीच सांगितलेलं असतं.

मग सगळं लावून, बंदूक रिकामी असताना, नळी दोन्ही हातांनी मागे दाबून सोडा. ती स्वतःहून पूर्ण पुढे आली पाहिजे. मधेच रेंगाळली तर कुठेतरी घासतंय.

नळी आतून

चेंबरकडून उजेड, तोंडाकडून बघा (नळी उतरवलेली असतानाच, म्हणजे डोक्याला ताप नाही). आपल्याकडे कुंभारमाशी नावाचा प्राणी आहे, एका पावसाळ्यात नळीत मातीचं घर बांधून मोकळी होते, आणि वाळलेली माती गोळी अडवायला पुरेशी असते. निवडणुकीत हत्यार पोलिसांकडे जमा करून आणलं की घरी आल्यावर हे बघायचंच, महिनाभर ती बंदूक तुमच्या नजरेआड होती. फुगवटा दिसतो का तेही बघा, आतून सावलीची गोल रेघ दिसते, बाहेरून बोट फिरवलं तर कळते. फुगवटा असेल तर विषय संपला.

नळीच्या तोंडाचा चोक (तिथे नळी किती आवळलेली आहे ते) पण माहीत असू द्या. जुन्या ऑटोला बहुतेक फुल चोक असतो. शिशाच्या छर्ऱ्यांना चालतो, पण पोलादी छर्ऱ्यांची काडतुसं बेल्जियमच्या जुन्या नळीत टाकू नका, ब्राउनिंगनेच ते नको म्हटलंय, पोलाद चेपत नाही आणि चोकपाशी नळी फुगते. खोक्यावर फक्त शॉट लिहिलंय की स्टील शॉट ते वाचा.

घरात वीस बोअर पण असेल तर तिची काडतुसं त्याच डब्यात, त्याच खिशात कधीच नाही. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून सरकून नळीत पुढे जाऊन अडकतं, दिसत नाही, वरून बाराचं टाकता येतं, आणि मग नळी फुटते. म्हणूनच तर वीसची काडतुसं पिवळी करायची पद्धत पडली.

काडतुसं

खडकीच्या कारखान्याची शक्तिमान असोत की बाहेरची, खोकं वाचून घ्या, लांबी आणि छर्ऱ्यांचं वजन. एलजी आणि एसजी म्हणजे मोठे छर्रे, ते हेवीच असतात असं नाही, हेवी ठरतं ते वजनावर. आजोबांच्या ट्रंकेतली कागदी काडतुसं मारायची नाहीत, कोकणपट्टीच्या दमटपणात कागद फुगतो, पितळेला हिरवं येतं, आतली दारू काय झालीये कोण सांगणार. ती उकरून बघायची पण नाहीत, परवान्यावरच्या हिशोबात धरून डीलरकडून पुढची वाट विचारा.

पहिले बार, रेंजवर

डोळ्यांना चष्मा, कानाला मफ. रेंजच्या माणसाला आधी सांगा की जुनी बंदूक आहे, बऱ्याच वर्षांनी मारतोय.

रिंगा हेवी सेटिंगवर ठेवूनच सुरुवात करा, पण काडतूस मधलं घ्या, ३२ ग्रॅमचं. मॅगझिन रिकामं ठेवून चेंबरमध्ये एकच टाका. एक बार, थांबा, बघा. रिकाम्या काडतुसाच्या तळाला पिन कुठे लागलीये, पितळ फाटलंय का, तोंड विस्कटलंय का. तोंडाच्या कडा झिजून चिंध्या झाल्या असतील तर चेंबर छोटा असल्याचा संशय घ्या आणि बंद करा. असे थोडे बार बरे झाले की दोन भरा, मुद्दाम पाच नाही, कारण जुन्या सीअरने (हातोडा अडवून धरणारा आतला खटका) एकाच्या जागी दोन बार काढले तर दुसऱ्याच्या वेळी नळी कुठे असेल ते सांगता येत नाही.

मग हेवी. ३६ ग्रॅम, ७० मिमी, शिसं, साध्या प्रेशरचं. परत एक एक करून. रिकामं काडतूस किती लांब पडतं ते बघत रहा, दोन-चार पावलांवर पडलं तर ठीक, मधल्या काडतुसापेक्षा एकदम लांब भिरकावलं जात असेल तर ब्रेक धरत नाहीये. आणि एक आवाज ऐकायला शिका, बारच्या मागोमाग लोखंडावर लोखंड आपटल्याचा खणखणीत ठक्क आला आणि धक्का दोन टप्प्यात लागला तर बंदूक ब्रेकशिवाय आपटतेय, लगेच थांबा आणि परत नळी उतरवा.

बार न होता फक्त खट् आवाज आला तर नळी समोरच ठेवून निदान तीस सेकंद थांबा, उशिरा पेटणारं काडतूस असतं. आणि बार झाला पण फुस्स झाला, धक्का नाही, ऑटो स्वतःहून चाललीच नाही, तर हाताने बोल्ट ओढून पुढचं काडतूस चढवायचा मोह होतो. तोच मोह माणसं आणि बंदुका दोन्ही घालवतो, कारण छर्रे किंवा वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमधलं बूच) नळीत अडकलेलं असू शकतं. खाली करा, नळी उतरवा, आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढचं नाही.

गॅसवाल्या जुन्या बंदुका

रेमिंग्टन ११००, १९६३ ची, किंवा बेरेटाच्या ३०० सिरीजमधली असेल तर वरच्या रिंगांचं गणित लागू नाही. तिथे नळीत छोटी भोकं असतात, गॅस तिथून येऊन पिस्टन ढकलतो. ११०० मध्ये साध्या नळीची भोकं मॅग्नम नळीपेक्षा मोठ्या हिशोबाची असतात, म्हणून साध्या नळीत तगडं काडतूस टाकलं की गॅस जास्त येतो आणि बोल्ट जोरात आपटतो. रबरी ओ-रिंग उन्हात आणि जुन्या तेलाने चिरते, ती स्वस्त आहे, बदलून टाका. भोकं मोठी करून बंदूक चालती करायचा सल्ला देणाऱ्यापासून लांब रहा.

पण एवढं कशासाठी

हे विचारायलाच हवं. ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीटमध्ये छर्ऱ्यांचं वजन २४.५ ग्रॅमच्या वर चालतच नाही, आणि जगातले चांगले नेमबाज त्याच्यावर मातीच्या थाळ्या फोडतात. शिकार बंद आहे. घराच्या संरक्षणासाठी एका खोलीच्या अंतरात ३६ आणि २८ ग्रॅमात काय फरक पडणार, शेजारच्या फ्लॅटच्या भिंतीचा विचार केला तर उलट कमीच बरं. म्हणजे ठाण्यात राहणाऱ्या परवानेवाल्याला हेवी लोडची खरी गरज जवळपास नाहीच, ती बहुतेक खांदा बडवून घ्यायची हौस असते. हौसेला माझा विरोध नाही, पण हौस म्हणून वर्षातून थोडी हेवी आणि बाकी २८-३२ वर भागवा, मात्र २८ मारायला रिंग मागे टाकली असेल तर बंदुकीच्या कव्हरला एक चिठ्ठी बांधून ठेवा, रिंग मागे आहे, हेवी टाकू नये. तुम्हाला लक्षात राहील, पण पुढे ती ज्याच्या हातात जाईल त्याला कोण सांगणार.

बार झाल्यावर त्याच दिवशी नळी परत उतरवा, मॅगझिनची नळी पुसा, ब्राँझवर काळं साचलं असेल ते कापडाने काढा, पॉलिश पेपर लावू नका. लाकडाच्या आतली ती जागा परत नखाने चाचपा. काडतुसांचं खोकं सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट डब्यात, बंदुकीपासून वेगळ्या कुलपात, आणि बंदूक चामड्याच्या कव्हरमध्ये कधीच ठेवायची नाही, चामडं ओल धरतं, जून ते ऑक्टोबर तर नाहीच नाही.